करंबिट, झेंडू आणि माझी तर्जनी

जगातली सर्वोत्तम घडीची करंबिट सुरी एक दिवस आणि एक सकाळ माझ्या मालकीची होती. त्यातला दिवस ती देवासमोर होती आणि सकाळ माझ्या बोटात.

करंबिट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, ते सुखी आहेत. तरी सांगतो. वाघनखासारखं वाकडं, आतून धारेचं छोटं पातं आणि मुठीच्या टोकाला एक पोलादी कडं. कड्यात बोट घालायचं, म्हणजे सुरी हातातून निसटत नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.) घडी केली की खिशात मावते.

मी तुर्भ्याला एका गोदामात डिस्पॅचचं काम बघतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एका परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ बघितला. रोज खिशात काय बाळगावं, यावर त्यानं अर्धा तास प्रवचन दिलं आणि शेवटी लाकडी टेबलावर एकेक वस्तू मांडली. टॉर्च, पेन, पाकीट आणि करंबिट. मी घरी येऊन आमच्या डायनिंग टेबलावर माझा खिसा रिकामा केला. लॅचची किल्ली, रुमाल, ॲसिडिटीची गोळी आणि गेल्या वर्षीच्या गणपतीतल्या पेढ्याचा कागद. हे असं बघितलं की माणसाला स्वतःच्या आयुष्याचा राग येतो.

"तुम्हाला कापायचंय काय?" बायकोनं, मनीषानं, विचारलं.

"पार्सल उघडायला लागते."

"पार्सल मी किल्लीनं उघडते. लग्न झाल्यापासून."

या घरात शास्त्रीय चर्चा होऊच शकत नाही.

मी दोन महिने अभ्यास केला. पातं तर्जनीएवढंच हवं. कुलूप पक्कं हवं, नाहीतर घडी स्वतःच्या बोटांवरच मिटते. क्लिप खिशाला घट्ट बसली पाहिजे, पण खिसा फाडता कामा नये. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून मी वेगवेगळ्या मापांच्या चौदा करंबिटी कापल्या आणि रोज एक खिशात घालून ऐरोली ते तुर्भे जाऊन आलो. मनीषा त्या रोज केर म्हणून भरत होती. एक आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उचलली. आबा जन्मभर मार्केटात माथाडी. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा केला.

"आरं, ह्यो तर माजा हूकच की. पोती वडायचा. ह्येला तू दोन म्हैनं श्वादतुयास?"

"आबा, ते वेगळं शास्त्र आहे."

"माजा हूक माळ्यावर हाय. फुकट घिऊन जा."

शेवटी प्रश्न उरला कड्याच्या मापाचा. मोठं कडं घ्या, हातमोजे घातले तरी बोट जाईल, असा विक्रेत्याचा सल्ला होता. आता तुर्भ्याच्या उकाड्यात मी हातमोजे कशाला घालीन? मोठ्या कड्यानं खिसा फुगतो. मी लहान कडं निवडलं. दोन महिन्यांच्या अभ्यासाचा हा निष्कर्ष होता, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

इकडे घरात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुप्रियाचं, प्रकरण निर्णायक वळणावर आलं होतं. तिच्या ऑफिसातला ओंकार तीन वर्षं तिच्याशी लग्न करायचं म्हणत होता आणि त्याचे वडील तीन वर्षं नाही म्हणत होते. जगदाळे साहेब, निवृत्त जेलर. मुक्काम उलवे. पोरानं फारच लावून धरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी घर बघतो. माणसं पटली नाहीत तर विषय संपला." दिवस ठरला दसऱ्याचा, वेळ अकराची.

सुप्रिया माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "दादा, त्या दिवशी फक्त नॉर्मल वाग."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे हा प्रश्नसुद्धा विचारू नकोस."

पार्सल आलं बरोबर आदल्या दिवशी, खंडेनवमीला. आता ते उघडायचं कशानं? सुरी तर आत. मनीषानं किल्ली पुढे केली.

हातात घेऊन बघतोय तेवढ्यात आबांनी काढून घेतली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, हा आमच्या साताऱ्याकडचा रिवाज त्यांनी ऐरोलीच्या चौथ्या मजल्यावरही सोडलेला नाही. पाटावर त्यांचा हूक होता, मनीषाची विळी होती, सुप्रियाचा लॅपटॉप होता. शेजारी त्यांनी माझी करंबिट ठेवली. आधी तिला नखशिखांत तेल चोपडलं.

"आबा, घडी तरी करून ठेवा."

"देवाला मिटल्यालं हत्यार दावतुयास व्हय? उघड."

उघडली. मग त्यांनी ओलं हळदकुंकू असं थापलं, जणू भिंतीला गिलावा करत होते. वर मूठभर अक्षता, आणि पांढऱ्या दोऱ्यानं एक झेंडू बांधला.

"आता उद्या मी पूजा हलवल्याबिगर हात लावायचा न्हाय. आज हत्यार इसावा घेतं."

"आबा, तिनं अजून काही कामच केलेलं नाही."

"मंग तुज्यावानीच हाय. घिऊं दे इसावा."

दसऱ्याच्या सकाळी आबा आंघोळीला गेले. मनीषा श्रीखंडात वेलदोडा घालत होती, सुप्रिया साडीच्या निऱ्यांशी भांडत होती. मी पाटाजवळ बसलो. मला करायचं काहीच नव्हतं, फक्त कड्याचं माप बघायचं होतं. उजवी तर्जनी टेकवली मात्र, तेलामुळे ती सुळकन पेराच्या पलीकडे गेली. इतकी छान बसली की मी व्हिडिओतल्यासारखी एक गिरकीसुद्धा मारली. झेंडू चंद्रासारखा फिरून आला. मग बोट बाहेर ओढलं.

ते आलं नाही.

साबण लावला. खोबरेल लावलं. बर्फ लावला. मनीषानं फ्रिजला पाय टेकवून मला ओढलं, तर बोट तिथेच राहिलं आणि फ्रिज मागे सरकला. बरं, निदान पातं मिटावं, तर रात्रभरात कुंकू वाळून बिजागरीत सिमेंट झालेलं, त्यात खडी म्हणून अक्षता. दहा वाजेपर्यंत बोटाचं राजेळी केळं झालं होतं आणि त्याच्या पुढे लालभडक उघडं पातं, खाली झेंडू.

"एक उपाय आहे," मनीषा म्हणाली. "तुम्ही गावाला गेलात म्हणून सांगू."

"आणि मी?"

"तुम्ही बाथरूममध्ये बसा."

आबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "पूजा हलवायच्या आदी हात लावलास न्हवं?" म्हणजे मुलाच्या बोटाची चिंता नाही. मुहूर्ताची.

तेवढ्यात बेल वाजली. साडेदहा. जेलर लोक वेळेच्या आधी येतात, कारण वेळेवर आलं तर सगळं जागच्या जागी सापडतं. मनीषानं माझ्या हातावर पोळ्यांचे रुमाल, त्यावर टॉवेल आणि त्यावर आबांचं उपरणं गुंडाळलं. हात कोपरापासून पुढे कलिंगडाएवढा झाला.

जगदाळे साहेब सहा फूट, मिशा त्याहून थोड्या लांब. सगळी दारं दिसतील अशी खुर्ची त्यांनी स्वतः निवडली. शेजारी त्यांच्या बाई आणि ओंकार. साहेबांची नजर फिरत फिरत कलिंगडावर थांबली.

"हाताला काय झालं?"

"भाजला," मनीषा म्हणाली.

"मोडला," आबा म्हणाले.

"मुंगी चावली," मी म्हणालो.

हे तिन्ही एकाच वेळी. सुप्रियानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी मिशीला हात लावला. तीस वर्षं ज्यानं कैद्यांच्या जबान्या ऐकल्या त्याच्यासमोर आम्ही आमची ठेवली होती.

श्रीखंड संपलं. मग ते उठले, खिशातून आपट्याची पानं काढली आणि माझ्यासमोर धरली. "सोनं घ्या." मी डावा हात पुढे केला.

"दसऱ्याचं सोनं डाव्या हातानं?"

साहेबांनी पानं परत खिशात ठेवली. "खोटं बोललात, ते घरोघरी चालतं. पण हा अपमान झाला. चला," असं बाईंना म्हणून ते चपला बघायला लागले. ओंकार उठलाच नाही. तो सुप्रियाकडे बघत होता आणि सुप्रिया जमिनीकडे. रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. तिनं फक्त टीपॉयवरच्या वाट्या एकात एक घालायला घेतल्या, जसं काही पाहुणे गेलेच होते.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. जेलरला बोलण्यासारखं याहून वाईट वाक्य मराठीत नाही.

"साहेब, थांबा. आत सुरी आहे."

उपरणं सुटलं, टॉवेल सुटला, रुमाल सुटले. सगळ्यात शेवटी झेंडू लोंबकळला. बाई सोफ्यावर मागे सरकल्या.

"रक्त?" साहेबांनी विचारलं.

"कुंकू."

"कुणासाठी घेतली?"

"पार्सलसाठी."

"खरं सांगा."

"खरंच पार्सलसाठी. ते किल्लीनं उघडतं, हे मला मान्य नव्हतं." आणि मग मी सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, पुठ्ठ्याच्या चौदा सुऱ्या, लहान कडं, पूजा, गिरकी. गिरकीपाशी आबांनी कपाळावर हात मारला.

साहेब परत खुर्चीत बसले. माझं मनगट त्यांनी असं पकडलं, जणू मी पळून जाणार होतो. "तो दोरा सोडा झेंडूचा." दोऱ्याचं एक टोक त्यांनी कड्याखालून सरकवलं, उरलेला दोरा पेरावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला. मी ओरडलो. "गप्प," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या एका शब्दात गप्प झालो, जे मनीषाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. मग कड्याखालून काढलेलं टोक धरून त्यांनी दोरा उलटा उलगडत नेला. एकेक वेढा सुटला तसं कडं एकेक केसभर पुढे आलं, आणि टप्‌ करून निघालं.

"कैद्यांच्या अंगठ्या अशाच काढायचो," ते म्हणाले.

मनीषाच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून त्यांनी बिजागरीतल्या अक्षता कोरून काढल्या, पातं रुमालानं पुसलं, एका हातानं मिटलं, एका हातानं उघडलं, पुन्हा मिटलं. आणि ती करंबिट त्यांनी शांतपणे स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली. कोणाची काही विचारायची छाती झाली नाही.

"तीस वर्षांत शेकडो हत्यारं पकडली मी," ते बाईंना म्हणाले. "स्वतःहून काढून दाखवणारा हा पहिलाच माणूस." आणि मग त्यांच्या मिशीखालून असा आवाज आला की आधी आम्हाला ठसका वाटला. ते हसत होते. खिशातली पानं पुन्हा बाहेर आली. मी सुजलेल्या उजव्या हातानं घेतली. सुप्रियानं एकात एक घातलेल्या वाट्या पुन्हा सुट्या केल्या आणि सगळ्यांना परत श्रीखंड वाढलं.

लग्न झालं. आहेराची खोकी साहेबांनीच उघडली, झटका देऊन, एका हातानं, जणू जन्मतः ती सुरी त्यांच्याकडेच होती. प्रत्येक खोक्याला मला म्हणायचे, "निवड उत्तम हां तुमची." ती परत मागायचा विषय मी एकदा सुप्रियाकडे काढला होता.

"दादा, त्यांना हसायला तीन वर्षं लागली. राहू दे."

राहू दिली. माझी निवड अचूक होती, हे आता एका जाणकारानं सिद्ध केलंय. खिसा तेवढा चुकला.

यंदाच्या खंडेनवमीला आबांनी पुन्हा पाट मांडला. त्यांचा हूक, मनीषाची विळी. "आन् ह्येचं काय हत्यार ठेवायचं?" ते म्हणाले. मनीषानं लॅचची किल्ली पुढे केली. आबांनी तिला तेल चोपडलं, कुंकू थापलं, झेंडू बांधला. किल्लीला एक गोल रिंग आहे, तेल लागून छान चमकत होती. मापही चांगलं वाटलं.

मनीषा माझ्याकडे बघत होती. मी दोन्ही हात खिशात घातले.