बीपी मोजताना चूप बसायचं असतं

मित्रहो, आज सकाळी अमरावतीत बीपी तपासायला गेलो होतो. वरचा आकडा आला १६२. डॉक्टरबाई गोळी वाढवायला निघाल्या.

मी म्हणालो, "सत्तरीत एवढं चालते, मॅडम. वयात शंभर मिळवायचे, आमच्या वेळी असंच सांगत."

"तो हिशोब जुना झाला, काकाजी. वय वाढलं म्हणून जास्त बीपी चालते, असं नसते. अन् पट्टा बांधल्यापासून तुमी बोलूनच राहिले. पोराचं पुणं सांगून झालं, संत्र्याचे भाव सांगून झाले. बोलल्यानंही आकडा वाढते. आता पाच मिनिटं चूप बसा."

चूप बसलो. आकडा १३४ वर आला. गोळी आहे तीच राहिली.

"घरी किती येते?"

"एवढंच येते."

"म्हणजे घरी बरोबर मोजता. चूप बसून."

मी मान हलवली. ही गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

तुमच्याही घरचं कोणी दूर एकटं राहून रोज बीपी मोजत असेल. आज आकडा किती आला, हे त्यांना फोन करून विचाराल का? पट्टा काढल्यावर विचारा. मग त्यांना बोलू द्या.