संशयी घरातला सुलतान

कुत्रा पाळला की घरभर केस साठतात, हे सगळे सांगतात. किस्से साठतात, हे कुणी सांगत नाही. केस निदान झाडून काढता येतात. किस्से मात्र ऑफिसात डबा खाताना आपोआप बाहेर पडतात, आणि एक सांगितला की मैत्रिणी दुसरा मागतात. म्हणून हे सगळं एकदाच सांगून टाकते.

आमचा सुलतान रॉटवायलर आहे. काळाभोर, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके, डोकं घागरीएवढं. काचीगुड्यात आमचं जुनं बैठं घर, पुढं अंगण आणि फाटक. गल्लीत दिवसाढवळ्या चोऱ्या झाल्या तेव्हा माझ्या नणंदेनं, वैदेहीनं, राखणीचा मोठा कुत्रा आणायचा हट्ट धरला. माझा नवरा माधव लगेच हो म्हणाला. मी आमच्या पाच वर्षांच्या मुक्ताकडं बघून नाही म्हणाले. माझे सासरे, अण्णा, रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्यभर तिकिटं तपासल्यामुळं कुणाचं खरं मानायची त्यांची सवयच मोडली होती. त्यांनी एकच अट घातली. कुत्रा आणायचा तर निवडणार ते.

*

शामीरपेटच्या पुढं एका फार्महाउसवर पहिला ब्रीडर गाठला. पिल्लं गोड होती, पण अण्णांनी पिल्लांकडं बघितलंच नाही. आईबाप दाखवा म्हणाले. त्या माणसानं आई दाखवली. ती साखळी तोडायला बघत होती. बाप कुठं आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, सध्या बाहेरगावी आहे.

अण्णा गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "चला. ज्याचा बाप दौऱ्यावर असतो ते स्थळ आपल्याला नको."

दुसऱ्या ठिकाणी एक रेड्डी नावाच्या बाई होत्या. त्यांच्याकडं आईबाप दोघंही मोकळे होते. येऊन आमचे हात हुंगले आणि शांतपणे जाऊन पडले. मग बाईंनीच आमची तपासणी सुरू केली. दिवसा घरी कोण असतं, मूल केवढं आहे, फिरायला कोण नेणार, कुत्रा अंगणात बांधून ठेवणार असाल तर मी देणार नाही. अण्णांना हे फारच संशयास्पद वाटलं. विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला इतके प्रश्न विचारायचे म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

पिल्लांतलं एक सारखं अंगावर उड्या मारत होतं, एक कोपऱ्यात लपलं होतं. तिसऱ्यानं अण्णांच्या चपला हुंगल्या, दोन पावलं मागं जाऊन बसलं आणि त्यांच्याकडं टक लावून बघत राहिलं.

"हाच घ्या," अण्णा म्हणाले. "हा चौकशी करून मगच ओळख करतो."

*

अशा जातीच्या पिल्लाला लहानपणीच सगळं जग दाखवावं लागतं, नाहीतर मोठेपणी प्रत्येक नवी गोष्ट त्याला शत्रू वाटते. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. आता हे दोन्ही जमवायचं कसं? अण्णांनी कॅनव्हासची मोठी पिशवी काढली, त्यात सुलतानला बसवलं आणि रिक्षा करून थेट बेगम बाजारात नेलं. बुरखे, हेल्मेटं, हमाल, हातगाड्या, सगळं दाखवायला.

एका मसाल्याच्या दुकानात अण्णा चिंच बघत असताना पिशवी हलली. मग शिंकली. दुकानदार आधीच वैतागलेला होता, कारण अण्णा चिंचेचं प्रत्येक बोटूक उलटून बघत होते. त्यानं मान उंचावून विचारलं, "चचा, थैली में क्या है?"

अण्णा चिंचेवरची नजर न काढता म्हणाले, "पढ रहा है."

*

वर्षभरात सुलतान एवढा वाढला की दूधवाला फाटकातून आत येईनासा झाला. पण त्याचं वजन जरा जास्तच वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणीतरी ह्याला चोरून खाऊ घालतंय. झालं. आमच्या घराला निमित्तच हवं होतं. माझा संशय अण्णांवर, अण्णांचा माधववर, माधवचा माझ्यावर. कुणी स्वयंपाकघरात गेलं की दुसऱ्याला तिथंच पाणी प्यायला जावंसं वाटायचं.

सुलतानला शिकवायला सिकंदराबादहून एक रिटायर सुभेदार यायचे. आमची भांडणं ऐकून त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि सुलतानला सोडलं. तो आधी अण्णांच्या मांडीशी जाऊन आशेनं बसला. मग माधवच्या. मग वैदेहीच्या. मग, काय सांगू, माझ्या. मुक्ताच्या मांडीवर तर त्यानं लाळच गाळली.

"पूरा घर मिला हुआ है," सुभेदार म्हणाले.

तेवढ्यात सुलताननं वळून त्यांच्याच खिशात नाक खुपसलं. सुभेदारांनी खिसा हातानं दाबून धरला आणि गंभीरपणे सांगितलं, "हमारा अलग है. वो ट्रेनिंग है."

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सोडून बाकीचे सांगणं बरोबर नाही.

सुलतान जेवत होता आणि मुक्ता त्याच्या वाडग्याजवळून गेली. तो तिच्यावर गुरगुरला. मोठ्यानं नाही. छातीतल्या छातीत, एकदाच. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. मी मुक्ताला उचललं आणि म्हणाले, उद्या हा ह्या घरात दिसता कामा नये. वैदेही रडली, पण माझ्याशी भांडली नाही.

सुभेदार आले. मला वाटलं, आता ते त्याला मार देतील. त्यांनी मलाच बसवलं. म्हणाले, तो गुरगुरला म्हणजे त्यानं सांगितलं. गुरगुरण्याबद्दल मारलंत, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

मग आम्ही वाडगा बंदच केला. सगळं जेवण हातानं भरवायला लागलो. बऱ्याच दिवसांनी पुन्हा वाडगा ठेवला तेव्हा माधव त्याचा पट्टा धरून बसायचा आणि मुक्ता लांबूनच त्यात अंड्याचा तुकडा टाकून निघून जायची. मी दारात उभी असायचे. त्या दिवसांत सुलतान गॅसवाल्याकडं बघतो तशी मी सुलतानकडं बघत होते.

हळूहळू मुक्ता दिसली की तो खाणं थांबवून मागं सरायला लागला. एका सकाळी रिकामा वाडगा तोंडात धरून तो तिच्या खोलीच्या दाराशी गेला आणि वाडगा खाली ठेवून बसला. मी ओट्याला टेकून रडले.

आजही त्या दोघांना आम्ही एकटं सोडत नाही. सुलतानवर माझा विश्वास आहे. पण मधलं दारही लावते.

*

आता हा यंदाचा.

वैदेहीला स्थळं येत होती आणि ती प्रत्येकात खोट काढत होती. एकाचं हसणं आवडलं नाही, एकाचे बूट. मग पुण्याच्या मावशीनं एक स्थळ कळवलं. मुलगा नीरज, आईवडील पुण्यात, तो मात्र नोकरीसाठी गेलं वर्षभर इथंच, आमच्या शेजारच्या बरकतपुऱ्यात राहणारा. वैदेही फोटो न बघताच हो म्हणाली. अण्णांनी तो फोटो दोन दिवस उलटसुलट करून बघितला.

मुलाच्या आईनं आधी फोन करून बजावलं की कुत्रा बांधून ठेवा, आमच्या नीरजला लहानपणी कुत्रा चावलाय, त्याला फार भीती वाटते. आम्ही सुलतानला मागच्या खोलीत ठेवलं. फाटक वाजलं की तो घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी पाहुणे आले, बसले, तरी तो भुंकला नाही. नुसता दाराशी कुंईकुंई करत राहिला. अण्णा पोहे खाता खाता त्या दाराकडं बघत होते.

चहा आला तेव्हा मागच्या दाराची कडी निसटली आणि सुलतान बाहेर आला. मुलाच्या आईनं पाय सोफ्यावर घेतले. माधव त्याला धरायला उठला, पण सुलतान त्याला चुकवून समोरच्या दाराकडं गेला. तिथं खिळ्याला त्याची फिरायला न्यायची दोरी टांगलेली असते. ती त्यानं तोंडात धरली, पाहुण्यांच्या मधून चालत आला, नीरजच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्यासमोर बसला.

नीरजचा हात सवयीनं पुढं गेला. दोन बोटं गळ्याच्या पट्ट्याखाली घालून त्यानं पट्टा फार आवळलेला नाही ना, ते बघितलं. मग आपण कुठं बसलोय ते त्याच्या लक्षात आलं.

"अरे, तुला तर भीती वाटते ना?" त्याची आई म्हणाली.

सुलतानला रोज वैदेही फिरवायला नेते. आमच्यापैकी दुसऱ्या कुणी दोरी धरली तर तो फाटकाशी दगडासारखा बसून राहतो. वैदेही आता कपातल्या चहाकडं इतकं लक्ष देऊन बघत होती, जणू त्यात काही लिहिलंय.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"सकाळी नेता की संध्याकाळी?" त्यांनी नीरजला विचारलं.

नीरजनं वैदेहीकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"दोन्ही वेळेला," तो म्हणाला.