खर्चाचा आदेश बदलून मिळेल काय?

कोर्टात तीस वर्षं काढली की वकिलाकडे दोन गोष्टी साठतात: काळे कोट आणि किस्से. कोट निदान बोहारणीला तरी देता येतात!

मी प्रदूषणाच्या खटल्यांत सरकारी बाजूने उभी राहते. ठाणे-कल्याण पट्ट्यातलं एक कोर्ट. कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथे प्रॅक्टिस करायचीये. समोर आरोपींचे वकील कायम एकच, गुप्ते. कारखानदार दोषी ठरला की नमुने घेण्या-तपासण्याचा खर्च कोर्ट त्याच्यावर टाकतं. मग गुप्ते तो आदेश बदलून मागतात आणि मी म्हणते, "सही झाली. आता लिहिण्यातली चूक सोडून काही बदलता येत नाही." या एका वाक्यावर आम्हा दोघांची मुलं शिकली.

*

एकदा मात्र आमच्या भूमिका फिरल्या. टायपिंगमध्ये 'आरोपी'च्या जागी, सांडपाणी ज्यात सोडलं तो 'नाला' पडला, न्यायाधीश साहेबांनी न बघता सही केली आणि आदेश निघाला: 'खर्चाची रक्कम नाल्याने तीस दिवसांत भरावी.'

मी दुरुस्तीचा अर्ज दिला. गुप्ते ताडकन उभे! "माझी सक्त हरकत आहे. ही चूक कशावरून? हा न्यायालयाचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो!"

साहेबांनी चष्मा काढला. "गुप्ते, तुम्ही नाल्याचं वकीलपत्र घेतलंय का?"

*

एका रंगाच्या कारखान्याचा खटला. नमुने घेणारे अधिकारी सावंत. शीळफाट्याहून लॅबपर्यंतच्या स्पेशल रिक्षाचं भाडं त्यांनी खर्चात लावलेलं. निकालानंतर गुप्ते म्हणाले, "शेअर रिक्षा असताना स्पेशल कशाला? एका सीटचंच भाडं द्यावं, तेवढी दुरुस्ती व्हावी."

साहेबांना पटल्यासारखं झालं. सावंत घाबरत उठले. "साहेब, शेअरच होती. एका सीटवर मी. दुसऱ्या सीटवर नमुन्याचा कॅन."

"आणि तिसरी?"

"तिसऱ्या सीटवर एक गृहस्थ बसले होते. पण कॅनच्या वासाने ते चालत्या रिक्षातून उतरले."

तिन्ही सीटचं भाडं मंजूर!

*

दुसऱ्या एका कारखानदाराने रोख खर्चाऐवजी झाडं लावायची तयारी दाखवली. मीही हरकत घेतली नाही, आणि साहेबांनी लिहिलं, शंभर रोपं लावा, फोटो जोडा. महिन्याभराने जाडजूड अल्बम आला. साहेब पानं उलटत राहिले, मग पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागले.

"गुप्ते, रोपं शंभर, आणि शेजारी झोपलेला कुत्रा सगळीकडे एकच?"

गुप्ते क्षणभरही अडखळले नाहीत. "साहेब, तो राखणदार आहे."

*

जोमाकाका म्हणजे मिठागरवाले जुने शेतकरी, आता चार गाळ्यांचे मालक. त्यांच्या गाळ्यात भाडेकरू केमिकलचे ड्रम धुवायचे, म्हणून जागामालक या नात्याने काकाही आरोपी. खर्च पडला पाच हजार. आठवड्यात काका इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हजर. "सायेब, आदेश बदलून द्या."

मी माझं वाक्य म्हणायला उठले, तोवर काका म्हणाले, "वारवून द्या!"

"वाढवून?"

"माज्या चुलतभावाला गेल्या सालीं चालीस हजार लावलं. नि मना पाचच? गावान सगली हासतान!"

साहेब शांतपणे म्हणाले, "काका, हा सत्कार नाही."

"मना सत्कार नको, सायेब. निस्ता आकडा वारवा."

गुप्ते खाली बसले आणि त्यांनी कपाळावर फाईल धरली.

*

आणि हिराबाई. खाडीकाठच्या मासळीवाल्या, सत्तरी ओलांडलेल्या. रात्री टँकरमधून खाडीत केमिकल सोडलं जायचं. ते टँकर डोळ्यांनी पाहिलेल्या त्या एकट्याच, त्यामुळे सगळी केस त्यांच्या साक्षीवर उभी. नेमक्या साक्षीच्या तारखेला बाई आल्याच नाहीत. तारीख वाया गेली म्हणून गुप्त्यांनी खर्च मागणारा अर्ज दिला आणि साहेबांनी उलट हिराबाईंवरच पाचशे रुपये खर्च लावला.

पुढच्या तारखेला त्या टोपली घेऊन आल्या. म्हणाल्या, "त्या दिशी परत पानी सोरलं. जाल्यातली मेलेली मासली काढत व्हते. मी का पैसं भरू? आदेश बदला, नायतर साक्ष नाय."

मीच उठून खर्च रद्द करायची विनंती केली. साहेबांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. पण गुप्ते माझंच वाक्य मला ऐकवायला लागले. "सही झालेली आहे! लिहिण्यातली चूक सोडून..."

हिराबाईंनी टोपलीतून बाटली काढली. खाडीचं पाणी, त्याच दिवशीचं. टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

पहिल्यांदा टायपिस्ट गेली. मग पक्षकार, मग मी. शेवटी साहेब नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात आले. शिपाई आत जाऊन तसाच परत आला. "साहेब, झाकण सापडत नाही!"

झाकण हिराबाईंच्या मुठीत होतं. "आदी आदेश बदला, मंग देतंय."

"आजी!" साहेब ओरडले. "हे न्यायालयावर दडपण आहे!"

"दडपन नाय, सायेब. झाकन हाये."

तीस वर्षांत मी प्रथमच गुप्त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकले. रुमालातून आले, पण आले. "आमची हरकत नाही. फक्त लवकर करा!"

साहेबांनी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवला, खर्च रद्द केला, सही ठोकली. हिराबाई निवांत आत गेल्या, बाटली बंद करून टोपलीत ठेवली आणि साक्ष द्यायला पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही एकेक करत परत आत शिरलो.

त्यांनी आमच्याकडे नीट पाहून घेतलं.

"एवरूश्या बाटलीला पलालव? माज्या दारान आख्खी खारी हाये. तिचं झाकन कोनाकरं हाये?"