सातव्या खुंटीवरचा ठिपका

दादांनी एकदा एखाद्याला लबाड ठरवलं की संपलंच. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी निकाल बदलायचा नाही. या खेपेला निकाल लागला होता बोक्याविरुद्ध. बोका म्हणजे जुन्या सामानाचा दुकानदार, घाऱ्या डोळ्यांचा, दादांचा शाळेपासूनचा जिवलग. त्याच्याशी अबोला धरल्यापासून दादांना जेवणही धड जात नव्हतं.

भांडण नळ्यांवरून. जुन्या मोजणी यंत्रांतल्या काचेच्या नळ्या तपासून चालत्या करणं, हे दादांचं काम. नळीत निऑन वायू, मधोमध चकती, भोवती दहा खुंट्या. विजेचा एकेक धक्का दिला की केशरी ठिपका एकेक खुंटी पुढे सरकतो. बोक्यानं आणलेल्या पेटीतली प्रत्येक नळी सातव्या खुंटीवर ठिपका गिळत होती. पडून पडून आळसावलेली नळी दिवसभर वेगात फिरवली की बहुधा ताळ्यावर येते; या काही येईनात. “भंगार माझ्या गळ्यात बांधलंस!” असं भर दुकानात ओरडून दादा पेटी तिथेच आपटून आले. बोक्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्यातली एक नळी घरी राहिली होती. ती आज त्यांनी पुन्हा सॉकेटात बसवली. सवयीनं डावा डोळा मिटला, उजव्याला भिंग लावलं, नजर चकतीच्या मधोमध. पाच, सहा, आणि खाली डावीकडे ठिपका गायब! आठवर स्वारी पुन्हा हजर.

“बघ, बघ याची लबाडी!” त्यांनी बायकोला हाक मारली.

हातातलं शिवण ठेवून ती वाकली. “काय बघू? छान फिरतोय की.”

“सातवर नाहीये.”

“आहे. अहो, डोळे आहेत की बटणं?”

दादा चिडले. त्यांनी सॉकेटच अर्धं फिरवलं. दोष खुंटीचा असेल तर तो खुंटीबरोबर वर जायला हवा. सातवी खुंटी वर गेली, आणि तिथे ठिपका ठसठशीत दिसला. खाली डावीकडे आता दुसरी खुंटी होती. ठिपका तिथे बुडाला. दादांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. दहाच्या दहा खुंट्या उजळल्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“नळी चांगली आहे,” ते म्हणाले. “माझा डोळा गेलाय गं.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डोळ्यातला दाब वाढलाय. गेलेली नजर परत यायची नाही, पण नेमानं थेंब घातले तर उरलेली राखता येईल. दादा घाबरले होते, आणि तसं त्यांनी सोबत आलेल्या बायकोला सांगितलंही. पण दवाखान्यातून ते घरी न जाता तडक दुकानात गेले.

बोक्यानं मान वर केली नाही.

“नळ्या चांगल्या होत्या रे,” दादा म्हणाले. “माझ्याच डोळ्यात भोक पडलंय. मी तुला नाही नाही ते बोललो. ती पेटी दे, सगळ्या चालत्या करतो.”

“पेटी कुठली? तू भंगार म्हणालास. त्याच दिवशी फोडून कचऱ्यात टाकल्या.”

“आणि मला खोटं नाही पाडलंस? दुसऱ्या कुणाला दाखवायच्यास!”

“नळ्यांच्या बाबतीत तुझ्यापेक्षा वरचढ दुसरा कोण?”

दादांना भर दुकानात रडू फुटलं. बोका लगबगीनं काउंटरमागून बाहेर आला.

“गाढवा, काचांसाठी काय रडतोस! कुठला डोळा, दाखव,” तो म्हणाला आणि दादांची हनुवटी धरून त्यानं तोंड उजेडाकडे वळवलं.