डोंगरावरचा उंबरा

स्कॉटलंडमधल्या तुमच्या गावामागच्या डोंगराची वाट दगडांनी छान बांधलेली आहे. दोन्ही बाजूंना हेदरची जांभळी फुलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण हसून दोन शब्द बोलणारा. तरी निम्म्यावर माझ्या गुडघ्यांनी संप केला.

तिथेच एक पडकं घर होतं. छप्पर नाही, भिंती जेमतेम कमरेएवढ्या, आत गवत. पण उंबऱ्याचा दगड जागेवर होता, मधोमध झिजलेला. उंबऱ्यावर बसू नये, म्हणून मी बूट काढले आणि आतल्या एका दगडावर जाऊन टेकले.

"आजी, बूट कशाला? घर कुठंय इथं?" इरा, तू खो-खो हसलीस.

"उंबरा आहे ना!"

मग तुझ्या भावाने, रोहनने, भिंतीजवळ लावलेल्या माहितीच्या पाटीवरचं वाचून सांगितलं. मेंढ्यांना रान हवं, म्हणून जमीनमालकाने इथली कुटुंबं हुसकून लावली होती. त्या दारातून खालचं तळं दिसत होतं. त्या घरच्या बाईने रोज सकाळी तेच पाहिलं असणार. तिच्या घरात मला विसावा मिळाला, म्हणून मी मनोमन तिचे आभार मानले.

माथ्यावर जायचं म्हणून तुम्ही आठवडाभर नाचत होतात. "जा रे, तुम्ही दोघं वर जाऊन या," मी म्हटलं.

रोहनने माझ्याशेजारी बसकण मारली आणि डबा उघडला.

"डोंगर कुठे पळून चाललाय, आजी? उद्या तू घरी परत चाललीस."