बालाजी घाटाची साखळी

दिनानाथ काशीच्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवत. इंग्रजांच्या अमलातली, सन छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. स्वभाव मुळातच काळजीखोर. त्यात मागच्या श्रावणात बालाजी घाटावरची जुनी साखळी तुटली आणि तिला धरून स्नान करणाऱ्या शेजारच्या प्रेमलाकाकू वाहून गेल्या. नावाड्याने होडी घालून ओढून काढलं, म्हणून वाचल्या. दिनानाथांच्या आई, अंबिकाबाई, रोज तिथेच उतरत.

नवी साखळी करून देण्याचं दिनानाथांनी अंगावर घेतलं. कमी कार्बनच्या पोलादी सळ्या थंडच वाकवून लोहाराने कड्या घडवल्या. एक तुकडा घासून, आम्ल लावून दिनानाथांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोलादाचे दाणे ताणून लांबट झाले होते. असं पोलाद कडक होतं, पण झटक्याने तडकू शकतं. ते भट्टीत तापवून तिथेच सावकाश निवू दिलं, की ताणलेल्या दाण्यांच्या जागी नवे, मोकळे दाणे उमटतात आणि धातू मऊ, चिवट होतो.

पण साखळी कॉलेजच्या भट्टीत घातली, त्या दिवशी भट्टीचा तापमापक अडकला. दिनानाथ तास संपवून परतले तेव्हा साखळी नको तितकी धगधगत होती. निवल्यावर पाहिलं, तर दाणे फुगून भलतेच मोठे झालेले. मोठ्या दाण्यांचं पोलादही दगा देतं.

"दिनू, पाणी वर चढतंय," घरी आई म्हणाल्या. "साखळी कधी लावणार?"

"अजून भरवसा नाही, आई. लावली की लोक डोळे मिटून धरतील. तोवर घरीच न्हा."

"गंगा दारात असताना?"

आई ऐकणार नाहीत, हे दिनानाथांना ठाऊक होतं.

सकाळी अंथरूण रिकामं पाहून ते धावतच घाटावर गेले. आई काठावरच तांब्याने पाणी घेत होत्या. दिनानाथ तसेच कॉलेजात गेले. साखळी पुन्हा, या वेळी मुद्दाम अधिक, तापवली. त्या तापाला पोलादाची घडणच बदलते आणि जुने दाणे मोडतात. मग ती बाहेर काढून मोकळ्या हवेत निवू दिली, म्हणजे नव्या दाण्यांना फुगायला सवड मिळू नये. नमुना घासून त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

दाणे बारीक होते, एकसारखे. तरीही त्यांनी टोकाची एक कडी काढून घणाखाली घातली. ती चपटी झाली, तडा गेला नाही.

साखळी लागली. भर पुरात एक वाहतं लाकूड तिच्यावर आदळलं, तेव्हा आईंच्या मुठीत तीच होती. एक कडी लांबली, पण साखळी टिकली. आई ओलेत्याच वर आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या.

दिनानाथांनी ती कडी बदलली. पुढे कितीतरी वर्षं, पाणी चढू लागलं की ते घाटावर जाऊन एकेक कडी चाचपत. भीती काही गेली नाही.