डावीकडं खेचणारं पिस्तूल

मंडळी, स्वस्तातलं सेमी-ऑटोमॅटिक एअर पिस्तूल घ्यावं का, असं तुमच्यातले निम्मे विचारत होते. आज सकाळी कोलाडच्या रेंजवर वापरून पाहिलं. गॅसवर चालतं, दर दाबाला एक, असे एकामागोमाग दहा छर्रे सुटतात. मूठ प्लास्टिकची, ट्रिगर जरा जड. या किमतीत आणखी काय सोन्याचं देणार?

सोबत पेणचे वसंतकाका होते. तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतात. त्यांचे शेटही आले होते.

काकांचे दहा छर्रे दहा दिशांना गेले.

"पिस्तुलातच खोट हाय रे, डावीकडं खेचतंय," काका म्हणाले.

नेम चुकला की पिस्तुलाला नावं ठेवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. मी ते वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि पाच छर्रे एकाच भोकात घातले. मग काकांचं मनगट धरून हात रेंजवरच्या सगळ्यांसमोर वर केला.

"खेचतंय ते हे बघा! नुसतं पिंपळाचं पान थरथरतंय!"

सगळे खो खो हसले. शेट हसले नाहीत. ते काकांच्या बोटांकडे बघत होते.

"वसंता, उद्यापासून साचे धुवायला बस. डोळ्यांना हात लावू नको."

निघताना काका जवळ आले. "खोट हाय म्हणाला असतास, तर तुझं काय गेलं असतं रे?"

मी खरं तेच बोललो ना? तुम्हीच सांगा. आणि पिस्तूल खुशाल घ्या. खोट त्याच्यात नाही.